आमच्या घरातला एकमेव नागरिक

आम्ही घरात तिघं. त्यात अमेरिकेचा नागरिक एकच, आणि दुसरीत जाईपर्यंत त्याला ‘कॅट’ आणि ‘कट’ यांतला फरक वाचता येत नव्हता.

तो आमचा मुलगा. इथे त्याला बंड्या म्हणते. खरं नाव लिहिणार नाही, कारण आता दहा वर्षांचा आहे आणि हळूहळू का होईना वाचायला लागलाय. उद्या हे त्याच्या हाती लागलं तर माझी खैर नाही. नवरा एच-वन या नोकरीच्या व्हिसावर, मी त्याच्यावर अवलंबून असलेल्या एच-फोरवर. माझी नोकरी २०१५ साली निघालेल्या एका नियमावर टांगलेली, त्याची कंपनीच्या मर्जीवर, आणि ग्रीन कार्डची रांग म्हणजे आषाढीची दर्शनबारी. फरक इतकाच, की दर्शनबारी पुढे सरकते.

२०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही डॅलसच्या उत्तरेचं एक उपनगर सोडलं आणि बॉस्टनच्या पश्चिमेला एका गावात आलो. अजून लोक विचारतात. तिकडे राज्याचा इन्कम टॅक्स नव्हता, चार बेडरूमचं घर होतं, गणपतीला पाचशे माणूस जमायचं, पटेलांचं दुकान सात मिनिटांवर. इकडे भाड्याचं दोन खोल्यांचं घर, पाच टक्के टॅक्स आणि एप्रिलमध्येही बर्फ. ‘यांची नोकरी’ असं सांगून मी वेळ मारून नेते. ते अर्धसत्य आहे. नोकरी आम्ही मागून हलवली. आधी गाव निवडलं, आणि ते तिथल्या राजकारणावरून निवडलं. ज्या निवडणुकांत आम्हाला मत नाही, त्यांचे निकाल बघून.

सुरुवातीपासून सांगते.

बंड्याची बालवाडी म्हणजे किंडरगार्टन, कोविडच्या वर्षातलं, आयपॅडवरचं. त्यामुळे पहिलीत अक्षरं जुळेनात तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही. शाळा म्हणाली, कोविडमुळे. मग म्हणाली, मुलगे उशिराच वाचतात. मग एकदा एका मीटिंगमध्ये, अगदी गोड आवाजात: तुम्ही घरी दुसरी भाषा बोलता ना, त्याचा गोंधळ होत असेल, काही दिवस फक्त इंग्रजी बोलून बघा. आम्ही बघितलं. चार महिने. दोन भाषांमुळे डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनातली जन्मजात अडचण, होत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि त्यांना माहीत असायला हवं होतं. त्या चार महिन्यांत त्याचं वाचन तसूभर सुधारलं नाही; मिरजेच्या आजीशी फोनवर बोलणं मात्र आटलं. ‘आजी, आय ॲम फाइन’ म्हणून फोन माझ्या हातात. या एका गोष्टीचा राग माझा अजून गेलेला नाही.

नवरा लातूरचा. लातूर पॅटर्नमध्ये भाजून निघालेला माणूस. त्याचा उपाय एकच, सराव. रोज रात्री जेवण झालं की डायनिंग टेबलावर वीस शब्द. बंड्या पहिला शब्द अडखळत लावायचा, तोच शब्द खाली चौथ्या ओळीत आला की पुन्हा नव्यानं भेटल्यासारखा बघायचा. मग नवऱ्याचा आवाज चढायचा, मग याचं पोट दुखायचं. खरंच दुखायचं. डॉक्टरला दाखवून झालं.

आईला फोनवर सांगत होते तर ती म्हणाली, “तुझ्या मामाचं असंच होतं की गं.” मामा दहावीला तीनदा बसला. मिरजेत त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटार उघडली की तांब्याच्या तारेचे किती वेढे होते हे मोजून तसेच्या तसे भरतो, आणि बँकेची स्लिप मात्र आजही मामी भरते. आम्ही सगळे त्याला ‘डोक्यानं मंद पण हातानं हुशार’ म्हणायचो. त्याच्या तोंडावर म्हणायचो. तो हसायचा.

शेवटी खिशातून तीन हजार दोनशे डॉलर घालून बाहेरून तपासणी करून घेतली. एकोणीस पानांचा अहवाल आला. तर्कबुद्धी शंभरातल्या नव्वद मुलांच्या पुढे, शब्दवाचन शंभरातल्या पंच्याण्णवांच्या मागे. डिस्लेक्सिया. नवऱ्यानं अहवाल दोनदा वाचला, टेबलावरचा शब्दांचा कागद उचलून कचऱ्यात टाकला आणि गाडी धुवायला गेला. डिसेंबर होता.

अहवाल घेऊन शाळेत गेलो, तर त्यांनी ‘५०४ प्लॅन’ दिला. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी: अमेरिकेत अशा मुलांना दोन कायद्यांचा आधार आहे. एक १९७३ च्या कायद्यातलं कलम ५०४. त्यात मुख्यतः सवलती मिळतात: जास्त वेळ, शांत खोली, मोठा टाइप. दुसरा १९७५ चा, ज्याला आता ‘आयडिया’ म्हणतात. त्यात ‘आयईपी’ मिळतो, म्हणजे त्या मुलाला वेगळं काय आणि किती शिकवणार याचा लेखी करार, ज्यासाठी भांडता येतं. आम्हाला पहिलं मिळालं. वाचता न येणाऱ्या मुलाला न वाचण्यासाठी दीडपट वेळ. शिवाय आठवड्यातून दोनदा आठ मुलांचा गट, तोही शिक्षिका रजेवर नसेल तर.

वर्गशिक्षिका चांगली होती, हे सांगितलं पाहिजे. तिनंच एकदा पार्किंगमध्ये, इकडेतिकडे बघत, मला सांगितलं की आठ पूर्णांक पाच हा आकडा शोधून बघ.

बघितला. २००४ साली टेक्सासच्या शिक्षण खात्यानं शाळांना एक मर्यादा घालून दिली होती: विशेष शिक्षणातली मुलं साडेआठ टक्क्यांच्या वर नकोत. देशाची सरासरी तेरा टक्क्यांच्या आसपास. कायदा पास न करता, गाजावाजा न करता. बारा वर्षं हे चाललं. २०१६ मध्ये ह्यूस्टन क्रॉनिकल या वृत्तपत्रानं ते बाहेर काढलं, २०१७ मध्ये विधिमंडळानं त्या मर्यादेवर बंदी घातली आणि २०१८ च्या जानेवारीत केंद्र सरकारनं ठरवलं की राज्यानं कायदा मोडला. मर्यादा गेली. सवय एवढ्या लवकर जात नसते. बारा वर्षं ‘थांबून बघू’ म्हणायला शिकलेली माणसं त्याच खुर्च्यांवर बसलेली होती.

आणि गंमत बघा, डिस्लेक्सियाचा कायदा करण्यात हेच टेक्सास देशात अगदी पहिल्यांपैकी, १९८५ सालापासून.

त्या रात्री मी एक्सेल उघडलं. मी टेस्टिंगमध्ये काम करते. घाबरले की शीट बनवते.

पहिला कॉलम होता: २०२० मध्ये राज्यानं कुणाला मत दिलं. लपवण्यात अर्थ नाही. माझा हिशेब सरळ होता, की जे सरकारी खर्चावर चिडत नाहीत ते विशेष शिक्षणावरही चिडणार नाहीत. निळी (डेमोक्रॅट) राज्यं ठेवायची, लाल (रिपब्लिकन) उडवायची. पंधरा मिनिटांत निम्मा देश उडाला. मग उरलेल्यांची एकेक चौकशी सुरू केली आणि कॉलमची पार वाट लागली.

कॅलिफोर्नियाचंच घ्या. तिथल्या गव्हर्नरला, न्यूसम यांना, स्वतःला डिस्लेक्सिया आहे. त्यावर लहान मुलांसाठी पुस्तकही लिहिलंय त्यांनी. तरीही लहान वर्गातल्या सगळ्या मुलांची वाचनाची चाळणी तपासणी सक्तीची करायला त्या राज्यानं २०२३ उजाडवलं. शिक्षक संघटनेचा विरोध वर्षानुवर्षं आडवा येत होता. आणि मिसिसिपी, जिचं नाव घेऊन इथली माणसं ‘निदान आपण तेवढे वाईट नाही’ असं म्हणतात, तिथे २०१३ मध्ये वाचनाचा कायदा झाला. शिक्षकांना उच्चार-अक्षर जोडून शिकवायचं प्रशिक्षण, शाळांत वाचनाचे मार्गदर्शक, आणि तिसरीच्या शेवटी वाचता आलं नाही तर पुढच्या वर्गात नाही. चौथीच्या राष्ट्रीय वाचन चाचणीत ते राज्य तळातून वर चढत २०२४ मध्ये पहिल्या दहात आलं. लाल राज्य, गरीब राज्य.

मग मिसिसिपीलाच का नको, असं नवऱ्यानं विचारलंच. खरं उत्तर दिलं: कारण राहणार मीही होते. बंड्याला वाचायला शिकवणारं गाव हवं होतं, हे खरंच. पण मलाही तिथे दुकानात, दवाखान्यात, रस्त्यावर श्वास घेता यायला हवा होता. त्या मे महिन्यात आमच्या जवळच्या ॲलनच्या आउटलेट मॉलमध्ये गोळीबार झाला. आठ माणसं गेली. बंड्याचे बूट आम्ही तिथूनच घेतले होते. त्यानंतर नवऱ्यानं मिसिसिपीचा विषय काढला नाही आणि टेक्सासच्या टॅक्सचाही नाही.

तरी कॉलम काढून टाकला. राज्याचा रंग बघून मुलाच्या टेबलाशी कोण बसणार हे कळत नाही, एवढं कळलं होतं.

न्यू जर्सी बराच काळ यादीत होतं. तिथे २००८ पासून एक फार चांगला कायदा आहे: पालक आणि शाळा यांच्यात वाद सुनावणीपर्यंत गेला तर आपलं बरोबर आहे हे शाळेनं सिद्ध करायचं. बाकी बहुतेक देशात, सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या निकालामुळे, जो तक्रार करतो त्यानंच ते सिद्ध करायचं. वकिलाला पैसे देणाऱ्या पालकाला हा फरक काय आहे ते विचारा. शिवाय तिथलं एडिसन गाव म्हणजे आपलं डोंबिवलीच. पण नेमकं तेच मला नको होतं, हे लिहिताना थोडी लाज वाटते. आपल्या लोकांत घर घेताना पहिला प्रश्न, शाळेचं रेटिंग दहापैकी किती. टेक्सासमधली आमची शाळा दहापैकी दहा होती. दहापैकी दहा शाळेत सगळ्यांची मुलं कुमॉनच्या शिकवणीला जातात, स्पेलिंग बीला बसतात, आणि तुमचा मुलगा पाटी वाचू शकत नाही हे तुम्ही हळदीकुंकवात सांगत नाही. मी नव्हतं सांगितलं. दोन वर्षं. नंतर कळलं की त्याच हळदीकुंकवातल्या दोघींच्या घरी हेच चाललं होतं.

मॅसॅच्युसेट्सवर नजर ठरली ती दोन कारणांनी. नवऱ्याच्या कंपनीचं ऑफिस तिथे होतं. जागा बदलली की एच-वनचा सुधारित अर्ज करावा लागतो, पण नोकरी तीच राहते. आणि या राज्यानं विशेष शिक्षणाचा कायदा १९७२ मध्ये केला होता, केंद्राच्या तीन वर्षं आधी. पण ‘मॅसॅच्युसेट्सला जायचं’ याला तिथे काहीच अर्थ नाही. तिथे साडेतीनशे गावं आहेत आणि प्रत्येक गाव स्वतःला संस्थान समजतं.

इथून खरी शोधाशोध सुरू झाली, आणि इथेच मला माझा कॉलम सापडला.

या राज्यात १९८० साली लोकांनी मतदान करून एक बंधन घालून घेतलंय. गावाला मालमत्ता करातून मिळणारी एकूण रक्कम, नवीन बांधकामं सोडली तर, वर्षाला अडीच टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. महागाई वाढो, पगार वाढो, अडीच. त्याहून जास्त हवं असेल तर गावकऱ्यांना मतपेटीत विचारायचं: वाढवू का? याला ‘ओव्हरराइड’ म्हणतात. शाळेचं बजेट तुटायला लागलं की दर काही वर्षांनी ही वेळ येते. आणि राज्याचं महसूल खातं कुठल्या गावात कुठल्या साली ओव्हरराइडला किती हो आणि किती नाही पडले, याची सगळी यादी लोकांसाठी ठेवतं. दशकानुदशकांची. गाववार.

मला तर घबाड मिळाल्यासारखं झालं. अध्यक्षाला कोण मत देतं त्यानं काय कळणार. स्वतःच्या खिशातून वर्षाला चार-पाचशे डॉलर जास्त जाणार हे माहीत असताना शेजाऱ्याच्या पोरासाठी ‘हो’ कोण म्हणतं, ते इथे आकड्यांत होतं. एका सुंदर गावात प्रत्येक अंगणात ‘इथे द्वेषाला थारा नाही’ छापाच्या पाट्या होत्या, गूगलच्या रस्त्यावरच्या फोटोंतसुद्धा दिसायच्या, आणि शाळेच्या ओव्हरराइडला त्यांनी लागोपाठ ‘नाही’ म्हटलेलं. दुसऱ्या एका गावात, तितकंसं सुंदर नाही, मध्यभागी बंद पडलेली गिरणी, मतं जवळजवळ निम्मी-निम्मी विभागलेली, आणि शाळेसाठी तीनदा ‘हो’.

शिवाय इथल्या स्कूल कमिटीच्या बैठका गावची केबल वाहिनी यूट्यूबवर टाकते. त्या उन्हाळ्याआधी मी रात्री भांडी लावून झाली की कानात इअरफोन घालून दीडपट वेगानं परक्या गावांच्या बैठका ऐकायचे. नवरा म्हणायचा, लोक नेटफ्लिक्स बघतात. मी फक्त एकच जागा पकडायचे: विशेष शिक्षणाच्या खर्चाची ओळ आली की आवाज कसा बदलतो. काही ठिकाणी अध्यक्ष सुस्कारा टाकायचे. ‘हा खर्च आमच्या हातात नाही,’ असं म्हणायचे, जसं काही छत गळतंय. त्या गिरणीच्या गावात एका बाईंनी विचारलं, “हे शिक्षक वाढवले तर बाहेरच्या शाळांत पाठवावी लागणारी मुलं कमी होतील का?” साधा, हिशेबी प्रश्न. मी व्हिडिओ थांबवून शीटमध्ये त्या गावाची ओळ पिवळी केली.

शेवटचं काम फोनचं. या राज्यात प्रत्येक शाळा-जिल्ह्याला विशेष शिक्षणातल्या पालकांची सल्लागार समिती ठेवावीच लागते. त्या समितीच्या बाईंना मी थेट फोन लावला, माझं इंग्रजी अशा वेळी फार पुस्तकी होतं. त्या म्हणाल्या, शाळेतली माणसं प्रेमळ आहेत का हे विचारू नकोस, सगळीकडे प्रेमळच असतात. वाचनाची विल्सन पद्धत शिकवायचं प्रमाणपत्र किती जणांकडे आहे ते विचार. विचारलं. चौघांकडे. एवढ्याशा गावात.

आम्ही सामान बांधत होतो तेव्हाच टेक्सासनं कायदा बदलला. डिस्लेक्सियाच्या मुलांची पूर्ण तपासणी आणि तो दुसरा, भक्कम कायदा लागू, असं २०२३ च्या उन्हाळ्यात ठरलं. खोक्यांच्या मध्ये बसून नवऱ्यानं ती बातमी मोठ्यानं वाचली. मी चिकटपट्टी लावत राहिले.

इथे आल्यावर पंचेचाळीस शाळेच्या दिवसांच्या आत तपासणी, मीटिंग, आयईपी. आठवड्यातून चार दिवस, तीन मुलांचा गट, विल्सन. या पद्धतीत प्रत्येक ध्वनीला एक बोट अंगठ्यावर टेकवायचं. क, ॲ, ट. तीन टेकवण्या, मग अंगठा सगळ्या बोटांवरून सरकवत शब्द जोडायचा. पहिल्या हिवाळ्यात आई आली होती. बंड्या गाडीत मागे बसून खिडकीबाहेरच्या पाट्या बघत बोटं अंगठ्याला लावत होता. आई हळूच मला म्हणाली, “हा पेरांवर जप करायला लागला का गं?” मी हो म्हटलं. तिनं दोन्ही हात जोडले.

मराठी पुन्हा सुरू झालीय. देवनागरी त्याला थोडी सोपी जाते, कारण लिहिलंय तसंच वाचायचं. ‘थ्रू’ आणि ‘टफ’सारखी फसवणूक नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा मात्र आनंद आहे. पण तो आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रूपवरही आहे, त्यांना कुणी अहवाल देत नाही.

२०२४ च्या मे महिन्यात मी पहिल्यांदा टाउन मीटिंगला गेले. आपल्या ग्रामसभेसारखीच, फक्त कोरम खरा असतो. हायस्कूलच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या जाळीखाली टेबल, तिथे मतदार यादीतलं नाव बघून पिवळं कार्ड देतात. मतदानाला तेच वर धरायचं. माझं नाव कुठलं असायला. टेबलाशी बसलेल्या आजींनी हसून डावीकडे बोट दाखवलं. भिंतीलगत दोरी लावून वीसेक खुर्च्या, वर कागद चिकटवलेला: ‘मतदार नसलेले’. तिथे गावच्या पेपरचा वार्ताहर, पाणीखात्याचे साहेब, नागरिकशास्त्राच्या गृहपाठासाठी आलेली हायस्कूलची दोन पोरं, आणि मी.

दोन तास रस्त्यांवरचे खड्डे आणि एका अग्निशमन गाडीवर गेले. मग शाळेचं बजेट. एक गृहस्थ माइकपाशी आले, स्वेटर, हातात छापील बजेट, ओळीखाली रेघा मारलेल्या. विशेष शिक्षणाचा खर्च पाच वर्षांत किती वाढला ते त्यांनी वाचून दाखवलं. आकडे बरोबर होते. मग म्हणाले, “आपण हे चांगलं करतो हे बाहेर पसरलंय. लोक मुद्दाम याच्यासाठी आपल्या गावात राहायला येतात.”

माझे कान तापले. तो माणूस वाईट बोलत नव्हता, आवाजही चढवत नव्हता. आणि तो खरं बोलत होता. आम्ही मुद्दामच आलो होतो. शीट करून आलो होतो. कुणीही वळून दोरीकडे बघितलं नाही, तरी मला वाटलं माझ्या पिवळ्या केलेल्या ओळीसकट मी त्या जिममध्ये उभी आहे. उत्तर द्यावंसं वाटलं तरी मॉडरेटरच्या परवानगीशिवाय दोरीपलीकडच्यांना बोलता येत नाही. वित्त समितीच्या बाईंनी राज्याकडून मोठ्या खर्चाचा काही भाग परत मिळतो वगैरे समजावलं. पिवळी कार्डं वर गेली. मंजूर. गाडीत बसून मी पाच मिनिटं इंजिन सुरू केलं नाही.

नोव्हेंबरात राज्याच्या मतपत्रिकेवर दहावीच्या वर्गातली एमकॅस ही परीक्षा होती: ती पास झाल्याशिवाय डिप्लोमा नाही, ही अट काढायची का? जवळजवळ एकोणसाठ टक्क्यांनी ‘हो’ म्हटलं. अट गेली. लातूरच्या माणसाची काय अवस्था झाली असेल कल्पना करा. “दहावी मतदानानं रद्द?” असं तो तीन दिवस म्हणत होता. मग चौथ्या दिवशी, दात घासता घासता: “मामांच्या वेळी असं असतं तर?” मी काही बोलले नाही. बंड्यासाठी बरं झालं का, याबद्दल माझं अजून मत बनलेलं नाही. अट असती तर शाळा त्याला शिकवायला बांधील राहिली असती, असंही एक मन म्हणतं.

आणि मग २०२५ साल. त्याआधीच्या सप्टेंबरात सतरा राज्यांनी, पुढे आमचं जुनं टेक्सास, कलम ५०४ च्या नव्या नियमांवर दावा लावला. त्यात ते कलमच घटनाबाह्य ठरवा अशीही मागणी होती. पालक उठल्यावर फेब्रुवारीत सारवासारव झाली. मार्चमध्ये केंद्राच्या शिक्षण खात्यातली निम्मी माणसं काढायचं ठरलं. शाळेनं भेदभाव केला तर जिथे तक्रार करायची, त्या नागरी हक्क कार्यालयाच्या बारापैकी सात शाखा बंद करायचंही ठरलं. यादीत डॅलसही होतं आणि बॉस्टनही. म्हणजे आम्ही जिथून निघालो तेही गेलं आणि जिथे पोचलो तेही. १९७५ च्या कायद्यात केंद्रानं जास्तीच्या खर्चाचा चाळीस टक्के वाटा उचलू असं म्हटलं होतं. त्याच्या निम्मासुद्धा ते आजही देत नाहीत. उरलेलं राज्य आणि गाव. म्हणजे माझा तो पिवळा कॉलम.

तर आता आमच्या गावात ओव्हरराइड आलंय. मे महिन्यात मतदान. नाही झालं तर कापायच्या यादीत वाचनाच्या अडीच जागा आहेत. त्या चौघांतल्या अडीच. ‘हो’वाल्यांनी मला पाट्या वाटायला बोलावलं. नवरा नको म्हणाला, सध्याच्या दिवसांत व्हिसावरच्या माणसानं हातात पाटी धरून चौकात उभं राहू नये. आम्ही भांडलो. शेवटी मी दोनशे पाकिटांवर घरी बसून पत्ते चिकटवले. बंड्या डिसेंबर २०३२ मध्ये अठराचा होईल, म्हणजे त्या वर्षीची अध्यक्षाची निवडणूक त्याची महिनाभरानं हुकणार. त्याचं पहिलं मत बहुधा गावातच पडेल, असल्याच एखाद्या गोष्टीला.

खालच्या मजल्यावर आमचे घरमालक राहतात. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, पोस्टातून निवृत्त, पेन्शन ठरलेली. आमच्या आधी उठून आमच्याही पायऱ्यांवरचा बर्फ काढतात आणि दिवाळीच्या चकल्यांना ‘स्पायरल्स’ म्हणून दरवर्षी मागतात. परवा त्यांनी अंगणात पाटी लावली, लाल अक्षरांत. मी खिडकीतून बघितलं आणि पोटात कालवलं. त्यांचा दोष काय. पेन्शन अडीच टक्क्यांनीसुद्धा वाढत नाही.

बंड्या शाळेच्या बसमधून उतरला आणि पाटीसमोर थांबला. घरमालक नळी घेऊन गवताला पाणी घालत होते. मी खिडकी थोडी उघडली. यानं दप्तर खाली ठेवलं. उजव्या हाताची बोटं अंगठ्याला लागायला लागली.

“नो,” तो म्हणाला. ते सोपं होतं. मग दुसरा शब्द. “ओ. व्हर. राइ... राइड.” मधेच स्वतःला समजावल्यासारखं: शेवटचा ‘ई’ बोलायचा नाही. अंगठा बोटांवरून सरकला. “नो ओव्हरराइड!”

घरमालकांनी नळी खाली टाकून टाळ्या वाजवल्या.

“व्हॉट डज इट मीन?” यानं विचारलं. ते गवतात गुडघ्यावर बसले आणि त्याला समजावून सांगायला लागले. काय सांगितलं ते नळीच्या आवाजात मला वरपर्यंत ऐकू आलं नाही. बराच वेळ सांगत होते. बंड्या मान हलवत होता.